मोठे अक्षर नसलेल्या लिपीत : वाहिन्यांच्या नावांविषयी

टीव्ही वाहिन्यांची नावे मराठीत कशी लिहावीत, एवढ्या एकाच प्रश्नासाठी ही पुस्तिका तयार केली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातले बातमीदार, साप्ताहिकांचे उपसंपादक, मुद्रितशोधक, डीटीपी करणारे, फ्लेक्स छापणारे आणि केबल चालवणारे हे तिचे वाचक. विषय किरकोळ वाटेल, पण तो रोज हाताखालून जातो. एकाच अंकात पहिल्या पानावर ‘टिव्ही ९’, आतल्या पानावर ‘टीवी-९’ आणि शेवटच्या पानावरच्या जाहिरातीत ‘टी. व्ही. नाईन’ छापून येते. तिघांनीही आपापल्या परीने विचार केलेला असतो. एकमेकांशी मात्र कोणी बोललेले नसते.

गोंधळाचे मूळ बहुतेकदा इंग्रजीत सापडते. वाहिनीचे नाव पडद्यावर आणि बातमीदाराच्या माइकवर, म्हणजे बूमवर, पुष्कळदा रोमन अक्षरांत असते. त्यातले कुठले अक्षर मोठे आणि कुठले लहान, हे वाहिनीने पैसे खर्चून ठरवलेले असते. ते मराठीत कसे आणायचे, हे नवखा बातमीदार हमखास विचारतो. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. मग नाव हे नाव आहे, हे वाचकाला कळायचे कसे? आद्याक्षरे आणि शब्द यांतला फरक दाखवायचा कसा? उत्तर असे की कॅपिटल अक्षर जी कामे करते ती सगळी मराठीही करते, पण दुसऱ्या जागी करते. इंग्रजीत नाव डोक्यावरून ओळखू येते, मराठीत शेपटीवरून.

हा प्रश्न या पट्ट्यात जितका टोकदार आहे तितका क्वचितच कुठे असेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९मध्ये तिथे उल्हासनगर वसवले गेले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. इथे सिंधी भाषा अरबी वळणाच्या बावन्न अक्षरी लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही. १९६७ साली सिंधी आठव्या अनुसूचीत आली, तरी लिपीचा प्रश्न ज्याच्या त्याच्या हातावर राहिला. सिंधींच्या धार्मिक दरबारांत गुरुमुखी दिसते, बाजारात हिंदी, नगरपालिकेच्या कागदावर मराठी. इथे दिसणाऱ्या सगळ्या लिप्यांत मोठ्या-लहान अक्षराचा भेद असलेली लिपी एकच, ती म्हणजे रोमन. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०च्या सुमाराचा. तो शिलाहार राजाच्या काळातला आहे, पण राजाच्या नावासाठीही त्याच्या लिपीत वेगळे अक्षर नाही. हजार वर्षे या भागाने मोठ्या अक्षराविना नावे लिहिली आणि वाचली.

तरीही रोमन कॅपिटल इथल्या माणसाच्या डोळ्यांत पक्के बसले आहे. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर नुसता ‘ए’ दिसला की गाडी अंबरनाथची, ‘बीएल’ दिसले की बदलापूरची, ‘के’ म्हणजे कल्याण, ‘एस’ म्हणजे कर्जत आणि ‘एन’ म्हणजे कसारा, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘एस’चा आणि कर्जतचा उच्चाराने काही संबंध नाही, पण धावत जिना उतरणारा माणूस ते अक्षर वाचत नाही, ओळखतो. आणि उल्हासनगरची ती जुनी गंमत कोणाला माहीत नाही? इथे बनलेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असायचा आणि कोणी विचारले तर उत्तर तयार : यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. खरे-खोटे बाजूला ठेवू. तीन आद्याक्षरे एकदा स्वतंत्रपणे फिरू लागली की त्यांच्यामागे कोणताही अर्थ उभा करता येतो, एवढे त्यातून कळते.

वाहिन्यांच्या नावांतही नेमके हेच घडले आहे. इंग्रजीत कॅपिटल अक्षर तीन वेगवेगळी कामे करते. पहिले, हे विशेषनाम आहे असे सांगते. दुसरे, ही अक्षरे सुटी वाचा असे सुचवते. तिसरे, मालकाच्या हौसेप्रमाणे नावाला ठसा देते. पहिली दोन कामे भाषेची आहेत, तिसरे जाहिरातीचे.

अमेरिकेतली सीएनएन १९८०मध्ये सुरू झाली. केबल न्यूज नेटवर्क या तीन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, म्हणून तिन्ही कॅपिटल. ईएसपीएन १९७९ची. तिच्या चार अक्षरांमागे मनोरंजन आणि क्रीडा असे लांबलचक नाव होते. १९८५पासून मात्र अक्षरे हेच नाव, मागे काही नाही. फॉक्सची गोष्ट उलटी आहे. ती वाहिनी स्वतःचे नाव सगळ्या कॅपिटलमध्ये मिरवते, पण ते आद्याक्षरांचे नाव नाही. विल्यम फॉक्स या चित्रपटनिर्मात्याचे ते आडनाव. म्हणून चांगली इंग्रजी वृत्तपत्रे फक्त पहिले अक्षर कॅपिटल लिहितात. ‘कोर्ट टीव्ही’ने २००८मध्ये ‘ट्रू टीव्ही’ असे नाव घेतले, तेव्हा पहिली तीन अक्षरे मुद्दाम लहान ठेवली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा याबाबतचा नियम सुटसुटीत आहे : अक्षरे सुटी उच्चारली जात असतील तरच सगळी कॅपिटल, एरवी नाही, मग कंपनी काहीही छापो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ शब्दासारख्या उच्चारल्या जाणाऱ्या आद्याक्षरांची लांबी मोजतो. चार अक्षरांपर्यंत सगळी मोठी, म्हणून ‘नासा’ सगळे कॅपिटल. त्याहून लांब असेल तर पहिलेच, म्हणून ‘युनिसेफ’चा फक्त ‘यू’ मोठा. लंडनचा ‘गार्डियन’ ‘नासा’लाही एकच मोठे अक्षर देतो. म्हणजे इंग्रजीतही एकमत नाही. मात्र जाणत्या संपादकांचे एका गोष्टीवर एकमत आहे : लोगो म्हणजे शुद्धलेखन नव्हे.

भारतातले सर्वात बोलके उदाहरण ‘स्टार’चे. १९९१मध्ये हाँगकाँगहून सुरू झालेल्या या वाहिनीसमूहाचे नाव सॅटेलाइट टेलिव्हिजन एशियन रीजन या चार शब्दांच्या आद्याक्षरांचे. इंग्रजीत ते कधी सगळ्या कॅपिटलमध्ये, कधी एकाच कॅपिटलने लिहिले गेले आणि त्यावर वाद झाले. मराठीत असा वाद होऊच शकला नाही. आद्याक्षरे असोत की आकाशातला तारा, आपण ‘स्टार’च लिहिले, कारण ‘एसटीएआर’ असे कोणीच म्हणत नव्हते. कानाने निकाल दिला आणि तोच बरोबर होता. ‘झी’चेही तसेच. १९९२मध्ये सुरू झालेली ही वाहिनी रोमनमध्ये तिन्ही अक्षरे मोठी छापते. देवनागरीत ते एक अक्षर आहे. त्याला मोठे करायचे म्हटले तरी करता येत नाही.

मग मराठी नावाची खूण कुठे आहे? ती सामान्यरूपात आहे. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे रूप बदलते : सामना, सामन्यात, पुढारी, पुढाऱ्याने, प्रवाह, प्रवाहावर. पण हाच शब्द कोणाचे नाव झाला की तो बदलायला नकार देतो. ‘प्रकाशाने खोली भरली’ आणि ‘प्रकाशने दार उघडले’ या दोन वाक्यांत कोणता प्रकाश दिव्याचा आणि कोणता शेजारचा मुलगा, हे मराठी माणूस क्षणभरही न थांबता ओळखतो. इंग्रजी वाचकाला त्यासाठी मोठे अक्षर लागते. आपल्याला एक काना पुरतो.

वृत्तपत्रांच्या नावांनी ही सवय आपल्याला आधीच लावली आहे. ‘सामन्यात’ गोल होतो, ‘सामनात’ अग्रलेख येतो. लोकमताने सरकार बदलते, ‘लोकमत’ने बातमी दिलेली असते. पुढाऱ्यांनी भाषण केले, ‘पुढारी’ने ते छापले. वाहिन्यांनी हाच नियम पुढे नेला. मालिकेची जाहिरात ‘स्टार प्रवाहवर’ असे सांगते. नदीच्या प्रवाहावर मालिका दिसत नाही. ‘झी २४ तासवर’ बातमी येते, ती चोवीस तासांवर येत नाही. ‘एबीपी माझाच्या प्रतिनिधीने’ आणि ‘माझ्या प्रतिनिधीने’ यांतला फरक तर बोलण्याच्या ओघातही स्पष्ट ऐकू येतो. ‘जय महाराष्ट्रवर चर्चा झाली’ म्हणजे त्या वाहिनीवर. ‘महाराष्ट्रावर चर्चा झाली’ म्हणजे राज्याविषयी. म्हणून या पुस्तिकेचा पहिला नियम : वाहिनीच्या नावाचे सामान्यरूप करू नये. गावांच्या नावांना हा नियम लागू नाही, हेही इथेच सांगून टाकू. ‘पूर’ हे गावाच्या नावातले शेवटचे पद दीर्घ लिहायचे, म्हणून ‘बदलापूर’. पण गावात जाताना ‘बदलापुरात’.

दुसरी खूण एकेरी अवतरणचिन्हाची. वृत्तपत्र, नाटक, चित्रपट यांची नावे मराठी छपाई या चिन्हांत ठेवते. वाहिनीच्या नावाचा वाक्यात गोंधळ होण्यासारखा असेल तिथे ती वापरावीत. ‘सह्याद्री’ हे त्याचे उत्तम उदाहरण. मुंबई दूरदर्शनची डीडी १० ही वाहिनी पुढे ‘सह्याद्री’ झाली. पावसाळ्यातल्या बातमीत ‘सह्याद्रीवर ढग’ आणि ‘सह्याद्रीवर मुलाखत’ एकाच पानावर येऊ शकतात, आणि इथे सामान्यरूप मदतीला येत नाही, कारण हे नाव दोन्हीकडे तसेच राहते. अशा ठिकाणी अवतरणचिन्ह द्यावे, किंवा ‘सह्याद्री वाहिनीवर’ असे लिहून मोकळे व्हावे. प्रत्यय नेहमी चिन्हाच्या बाहेर : ‘सह्याद्री’वर, ‘झी’ने, ‘साम’ला. आणि ‘वाहिनी’तला काना तपासल्याशिवाय पान सोडू नये, ‘झी मराठी वहिनीवर’ असे छापले गेले की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो.

तिसरी खूण शब्दांच्या निवडीत आहे. संस्था आणि माध्यम यांतला भेद इंग्रजी कधी कधी फक्त मोठ्या अक्षराने दाखवते. आपण त्यासाठी दोन शब्द ठेवले : माध्यम ते दूरचित्रवाणी, सरकारी संस्था ती दूरदर्शन. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर कितीतरी वर्षे घराघरांत टीव्हीलाच दूरदर्शन म्हणत, कारण दुसरे काही नव्हतेच. आज शेकडो वाहिन्या असताना ‘खासगी दूरदर्शन वाहिन्या’ असे लिहिणे चूक आहे.

आता आद्याक्षरांकडे. राज्य शासनाने १९६२ साली मान्य केलेले आणि १९७२मध्ये चार नियमांची भर घातलेले शुद्धलेखनाचे नियम आपल्या सर्वांच्या टेबलावर असतात. त्यातल्या एका नियमाप्रमाणे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व : गरिबी, माहिती, हुतुतू. हा नियम पाठ असलेला प्रामाणिक मुद्रितशोधक ‘टिव्ही’ असे दुरुस्त करतो आणि तिथेच चुकतो. ‘टीव्ही’ हा एक शब्द नव्हे. ती दोन अक्षरांची नावे शेजारी ठेवली आहेत, ‘टी’ आणि ‘व्ही’, आणि दोन्ही आपापल्या जागी शेवटची आहेत. म्हणून टीव्ही, डीडी, बीबीसी, सीएनएन, एबीपी असेच. मध्ये टिंब नको, जोडरेघ नको, फट नको. इंग्रजी कॅपिटल ‘ही सुटी अक्षरे आहेत’ असे जे सांगते, ते मराठीत ही दीर्घ अक्षरे सांगतात.

या पट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती हिंदीची. इथल्या पाट्या आणि जाहिराती अनेकदा हिंदीतून येतात आणि तशाच मराठी अंकात शिरतात. हिंदीत व्ही हे अक्षर ‘वी’ होते, आय हे ‘आई’ होते, झी हे नुक्ता देऊन ‘ज़ी’ होते. मराठीत एनडीटीव्ही, आयबीएन, झी. हिंदी कमअस्सल आहे असे मुळीच नाही; तिचा उच्चार वेगळा, म्हणून तिचे लेखन वेगळे. उल्हासनगरातल्या दुकानावर दोन्ही रूपे शेजारी असायला हरकत नाही. एका मराठी बातमीत मात्र दोन्ही नकोत. इंग्रजी ‘ॲ’साठी शासनाने २००९मध्ये प्रमाण केलेल्या वर्णमालेत अक्षर दिले आहे, त्यामुळे ‘ॲनिमल प्लॅनेट’ बिनधास्त लिहावे. ‘एनिमल’ किंवा ‘अ‍ॅनिमल’ असे नको.

आकडे आणि चिन्हे यांचा निर्णय पुस्तिकेने सोपा ठेवला आहे. मराठी मजकुरात आकडा मराठी : टीव्ही ९ मराठी, झी २४ तास, न्यूज १८ लोकमत. शब्द आणि आकडा यांत एक जागा सोडावी. ‘झी’ समूहाच्या काही वाहिन्यांच्या नावाची सुरुवातच इंग्रजी ‘अँड’च्या चिन्हाने होते आणि पुढचे अक्षर लोगोत लहान असते. ते चिन्ह मराठी ओळीत डोळ्याला अडखळवते, म्हणून ‘अँड टीव्ही’, ‘अँड पिक्चर्स’ असे उच्चाराप्रमाणे लिहावे. ‘आणि टीव्ही’ असा अनुवाद करू नये. नावाचा अनुवाद होत नाही. ‘कलर्स’ रोमनमध्ये अमेरिकी वळणाने, एक अक्षर गाळून लिहितात. मराठीत ही भानगडच उरत नाही.

नावे बदलतात, तेव्हा काय करायचे? अल्फा मराठी १९९९ची. २००५मध्ये ती झी मराठी झाली. ई टीव्ही मराठी २०००मध्ये आली आणि २०१५मध्ये कलर्स मराठी झाली. तिच्या नावातला ‘ई’ हा ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाचा, म्हणून तिथे देवनागरी ‘ई’ अगदी चपखल बसला होता. स्टार माझा २००७ची. २०१२मध्ये एबीपी माझा. आयबीएन लोकमत २००८ची. पुढे न्यूज १८ लोकमत. जुन्या घटनेविषयी लिहिताना त्या काळचे नाव लिहावे आणि गरज असेल तर ‘आताची’ म्हणून नवे जोडावे. २०१०मधली मुलाखत एबीपी माझावर झाली असे लिहिणे म्हणजे त्या वर्षी नसलेली वाहिनी उभी करणे.

रोमन लिपीत लिहायची वेळही येतेच. ग्राहकाने वाहिन्या निवडून पैसे भरायचे, ही दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची पद्धत १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झाली, तेव्हा केबलवाल्यांनी घरोघर वाटलेल्या याद्या बहुतेक सगळ्या कॅपिटलमध्ये होत्या. सेट टॉप बॉक्सच्या पडद्यावरही तसेच असते. सगळीच अक्षरे मोठी असली की कुठलेच मोठे राहत नाही. अशी इंग्रजी यादी देवनागरीसारखीच, भेदाविना वाचावी लागते. म्हणून यादीत काहीही असो, इंग्रजी निमंत्रणपत्रात किंवा प्रेसनोटमध्ये लिहिताना असोसिएटेड प्रेसचाच नियम पाळावा : झी, स्टार, कलर्स, साम यांचे पहिलेच अक्षर कॅपिटल, एबीपी, एनडीटीव्ही, सीएनएन यांची सगळी.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका होईपर्यंत देशभरातल्या वाहिन्यांचे लक्ष इकडे होते. अशा दिवशी स्थानिक अंकाला वाहिन्यांचा उल्लेख वारंवार करावा लागतो : कोण कोणाशी बोलले, कोणी काय दाखवले, कोणाची बातमी चुकीची निघाली. नाव एकाच रूपात असेल तर श्रेय आणि दोष दोन्ही योग्य दारी जातात. जुने अंक संगणकावर शोधतानाही एकाच रूपाने सगळे उल्लेख सापडतात.

पाट्यांसाठीही हे उपयोगी आहे. दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात २०२२मध्ये सुधारणा झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. मराठीत मोठे अक्षर असा प्रश्न कायद्याने विचारलाच, तर तो फक्त आकाराचा. केबलच्या आणि डिशच्या दुकानदारांनी आता वाहिन्यांची नावे मोठ्या आकारात लिहायची आहेत, तर ती शुद्धही लिहावीत.

पुढच्या पानांवर वाहिन्यांची यादी वर्णानुक्रमे दिली आहे. यादी कधीच पूर्ण नसते. नवी वाहिनी उद्याही येईल. तेव्हा बूमवरचा लोगो बघत बसू नये. नाव मोठ्याने उच्चारावे, उच्चारले तसे मराठी नियमाने लिहावे, एक प्रत्यय लावून ते तसेच राहते का ते पाहावे, आणि एकदा ठरलेले रूप पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत तेच ठेवावे.